अडीचशे किलो साखर

प्रिय पोरी,

तुझा प्रबंधाचा मसुदा दोनदा वाचला. “माणसंच इतकी वाढली, तर पाणी पुरणार कसं?” हे वाक्य टोचलं. पंचवीस वर्षं गावोगावच्या सभांत मीही तेच बोलत फिरलोय, म्हणून टोचलं.

लातूरच घे. दुष्काळात 12 एप्रिल 2016 ला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वेगाडी आली, 5 लाख लिटर घेऊन. 2011 च्या जनगणनेत शहर 3.82 लाखांचं. म्हणजे माणशी सव्वा-दीड लिटर. एवढा भागाकार तू केलास आणि थांबलीस. पुढचा कर की! किलोभर साखरेमागे आपल्याकडे शेतात साधारण 2,000 लिटर पाणी जातं. ती अख्खी गाडी म्हणजे अडीचशे किलो साखर. पाच पोती. डोकी मोजू नकोस, पाणी कुठं गेलं ते मोज.

शहर वाढलं, मान्य. पण 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्याचा जननदर बाईमागे 1.7 मुलांवर आलाय. पाळणे कमी झाले. बोअर कमी झाल्या का?

मी भूजलातला माणूस. आपल्या काळ्या पाषाणात पाणी मुख्यतः वरच्या झिजलेल्या थरात असतं, विहिरीच्या टप्प्यात. खाली फट लागली तर नशीब. हे ठाऊक असून उसासाठी जागा दाखवत गेलो. चारशे फूट, सहाशे, आठशे. मी नाही म्हटलं असतं तर नारळानं पाणी शोधणारा पाणाड्या उभाच होता. आणि विरोधाचा शेरा मी मारला होता, फायलीत असेल अजून. (हसतेस ना? हस.)

दुसरी बाजू तर तू पाहिलीच नाहीस. बीडकडे विहीर आटली की माणूस ऊसतोडीला जातो. हो, उसातच. टोळीचा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो जोडीला. नवराबायको मिळून एक कोयता. म्हणून पोराचं लग्न हंगामाआधी उरकतात. वयात आलेल्या पोरीला गावात एकटी कुठं ठेवायची, म्हणून तिचंही. त्याच पाहणीत बीडमधल्या 20 ते 24 वयाच्या शंभरजणींत चाळीसहून जास्त जणींची लग्नं अठराच्या आत झालेली. कोवळ्या वयात बाळंतपण, ते पोर फडाच्या कडेला झोळीत. दुष्काळानं इथं लग्नं लवकर लावली. तुझ्या आकृतीत माणसांकडून दुष्काळाकडे जाणारा बाण उलटा काढलाय तू.

तेव्हा डोकी मोजू नकोस. तिसऱ्यांदा सांगायला लावू नकोस, माझं रक्त आटतं.

दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, तेव्हा चार दिवस काढून ये. काकू तुझी आठवण काढते. माझ्या जुन्या वह्या माळ्यावर आहेत, दाखवलेल्या एकेक बोअरची खोली त्यात लिहिलेली. त्यातल्या किती कोरड्या गेल्या, ते मी कधी मोजलं नाही. तू मोज.

तुझा,
सर