काका वकील होते, त्यांच्याबद्दल बोलायचं तरी काय?

प्रश्न: ताई नमस्कार, माझे थोरले काका सातारा जिल्ह्यात तालुका कोर्टात वकिली करायचे, महिना झाला त्यांना जाऊन. येत्या शनिवारी बार असोसिएशनची शोकसभा आहे आणि घरातले सगळे म्हणतात तू लिहितोस-बिहितोस तर तूच बोल. बसलो लिहायला तर मनमिळाऊ, परोपकारी, सचोटीचे यापुढे पेनच सरकत नाही, हे काय चौकातल्या कुठल्याही फ्लेक्सवर असतं. एका बाईची केस त्यांनी पदरचे पैसे घालून चालवली होती, मी लहानपणी दाराआडून ऐकलंय सगळं, ती गोष्ट सांगितली तर हॉल रडेल, पण सांगू का? शिवाय कोर्टातले जुने लोक त्यांना सार्वजनिक काका म्हणायचे, ते मूळचे काका कोण? आणि काकू विचारतेय की फायलींच्या गठ्ठ्यांचं काय करायचं, रद्दीवाला दोनदा विचारून गेला.

– एक पुतण्या

उत्तर: आधी त्या रद्दीवाल्याला वाटेला लावा, फायलींचं शेवटी सांगते.

बाईची गोष्ट सांगू नका. नाव बदलून पण नको, तालुक्याच्या गावात नाव बदलून काही होत नाही, तिसऱ्या वाक्याला लोक एकमेकांना कोपर मारायला लागतात. पक्षकाराने वकिलाला विश्वासाने जे सांगितलं ते काम संपल्यावरही बाहेर काढायचं नाही हे १८७२ च्या एव्हिडन्स ॲक्टपासून आहे आणि नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कलम १३२ मध्ये आहे. आता ते बंधन वकिलाला आणि त्याच्या कारकुनाला, दाराआडून ऐकणाऱ्या पुतण्याला नाही. पण काकांनी जी गोष्ट जन्मभर कुणाला सांगितली नाही ती त्यांच्याच शोकसभेत तुम्ही सांगणार, हे कसं दिसेल? बाई हयात असेल तर भेटून या, ती स्वतः म्हणाली सांगा तर सांगा.

वकिलाच्या बाबतीत ही पंचाईतच असते, सगळ्यात चांगल्या गोष्टी नेमक्या न सांगायच्या असतात. मग उरतं काय? घरातलं. माझेही एक काका वकील होते. आजोबा गेल्यावर आत्याकडून हक्कसोडपत्र करून घ्यायचं ठरलं, घरचाच वकील म्हटल्यावर कागद तोच करणार असं सगळ्यांनी धरलेलं. काकांनी कागद केला नाही. आत्याला चौकटीपाशी उभं करून म्हणाले, अक्का, यात माझा फायदा आहे, मी तुझा वकील होऊ शकत नाही, तू दुसऱ्या कुणाला तरी दाखव, त्याची फी मी देतो. आत्या दुसऱ्या वकिलाकडे गेली, परत आली आणि सही करायची नाही म्हणाली. घरात पाच वर्षं अबोला, बाकीचे भाऊ काकांवर जास्त चिडलेले, आत्यावर कमी! पण भाऊबीजेला काका त्याही वर्षी तिच्याकडे गेले, आणि आत्या अजून लग्नाकार्यात हे जो भेटेल त्याला ऐकवते, म्हणून मी इथे लिहिलं. तुमच्याकडेही असं काहीतरी असणारच. काकूंना विचारा, काकांच्या कारकुनाला विचारा, त्याला तर तुमच्यापेक्षा जास्त माहीत असेल, आणि काय सांगायचं नाही हेही त्याला माहीत असेल.

आता सार्वजनिक काका. गणेश वासुदेव जोशी, जन्म १८२८ चा, तुमच्याच साताऱ्याचा, वकिली पुण्यात. २ एप्रिल १८७० ला पुण्यात सार्वजनिक सभा निघाली ती मुख्यतः त्यांच्या खटपटीने, म्हणून हे नाव. मला त्यातली वकिली आवडते. पर्वती देवस्थानच्या कारभाराबद्दल लोकांची कुरकुर होती, तिथून सगळं सुरू झालं, पण सरकार विचारणार तुम्ही कोण बोलणारे? तर सभासद व्हायचं असेल तर निदान पन्नास लोकांचं मुखत्यारपत्र आणा, असा नियम. असे ९५ सभासद, त्यांच्यामागे सहा हजार माणसं. म्हणजे अख्ख्या गावाचं वकीलपत्रच घेतलं की!

१८७७ च्या दिल्ली दरबाराला सगळे जरीत लखलखत असताना हे हाताने कातलेल्या सुताच्या कपड्यात गेले, तेव्हा गांधीजी सात वर्षांचे होते. पण शनिवारी दोनच मिनिटं मिळाली तर हे सोडा आणि १८७९ सांगा. वासुदेव बळवंत फडक्यांवर पुण्यात खटला उभा राहिला, सरकारविरुद्ध बंड केलेला माणूस, त्याच्या बाजूने उभं राहायचं म्हणजे आपल्यावरही संशय ओढवून घ्यायचा. काका उभे राहिले. खटला हरले, फडक्यांना जन्मठेप झाली, एडनला पाठवलं. पुढच्याच वर्षी, १८८० मध्ये काका गेले. हरलेली केस आहे, पण काका म्हटलं की मला तीच आठवते. आणि त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई, त्यांनीही पुण्यात बायकांची वेगळी सभा काढली होती, तेव्हा भाषणात आपल्या काकूंचा उल्लेख नुसता 'पत्नीची साथ लाभली' असा उरकू नका. कोर्टातून आल्यावर काकांना चहा कोण देत होतं आणि ओट्यावर ताटकळलेल्या पक्षकारांना कोण, तेवढं जरी सांगितलंत तरी चालेल.

फायली. वकील गेला की त्याचं वकीलपत्रही संपतं, दिवाणी दाव्यात तसा नियमच आहे, त्यामुळे पक्षकाराला दुसरा वकील द्यावा लागतो आणि बऱ्याच जणांना हे माहीतच नसतं, ते तारखेला जाऊन नुसते बाकावर बसतात. म्हणून गठ्ठे सोडायच्या आधी काकांची डायरी उघडा, पुढच्या महिन्यातल्या तारखा बघा आणि त्या त्या लोकांना फोन करा. फाइल ज्याची त्याला, सही घेऊन. खरेदीखत, मृत्युपत्र असे मूळ कागद निघाले तर झेरॉक्सवर पोच घ्या. कारकून बरोबर असू दे, काकांचं अक्षर तुम्हाला लागायचं नाही. सनदेचं बार कौन्सिलला कळवा आणि वकिलांच्या कल्याण निधीचं काकूंना काही मिळतंय का तेही तिथेच विचारा. आणि डायरीत कुठे नावापुढे फीचा आकडाच नसेल तर तो राहून गेला असेल असं समजून कुणाला फोन करू नका.