वाजवते उत्तम, पण श्रवणाच्या परीक्षेत अडते

संगीताची पदवी घेणाऱ्या मुलांकडून आणि त्यांच्या पालकांकडून एक काळजी माझ्याकडे वारंवार येते. हात तयार आहे, मंचावर कौतुक होतं, मग थिअरीत आणि श्रवणाच्या परीक्षेत गाडी का अडते? आणि ती अडली तर पदवीचं काय? एका विद्यार्थिनीच्या अनुभवावरून याबद्दल लिहिते आहे. तिची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ती अमेरिकेत बॅचलर ऑफ म्युझिकच्या दुसऱ्या वर्षाला होती. वाद्य व्हायोलिन. ऑडिशनच्या जोरावर शिष्यवृत्ती मिळालेली. सत्राअखेरीस प्राध्यापकांसमोर वाजवून दाखवायचं असतं, त्याला तिथे ज्युरी म्हणतात. त्यातले शेरे उत्तम होते. त्याच सत्रात 'ऑरल स्किल्स'मध्ये, म्हणजे ऐकलेले स्वर ओळखून लिहिण्याच्या विषयात, मात्र तिला डी श्रेणी मिळाली. पुढच्या पायरीसाठी तिच्या विभागात किमान सी श्रेणी लागायची. "मॅडम, मला कानच नाही," असं ती व्हिडिओ कॉलवर म्हणाली आणि रडू लागली. रियाज जवळजवळ थांबला होता. घरून सल्ला येत होता की झेपत नसेल तर साधं बीए कर.

ज्या मुलीला कान नाही तिला ऑडिशनमध्ये शिष्यवृत्ती मिळत नाही. म्हणून मी तिला उत्तरपत्रिका समोर घेऊन बसायला सांगितलं. नेमकं काय चुकतं ते तिने मला एकेक करून सांगायचं, एवढंच काम. तिसऱ्या-चौथ्या चुकीनंतर ती स्वतःच थबकली.

ती लहानपणापासून सरगम शिकलेली. तिचा सा जिथे धरावा तिथे असतो. तिच्या वर्गात 'फिक्स्ड डो' पद्धत होती. डो, रे, मी, फा, सोल ही पाश्चात्त्य स्वरनावं, आपल्या सा, रे, ग, म, प सारखी. तिथे डो म्हणजे कायम सी हाच स्वर, गाण्याची पट्टी कोणतीही असो. जी मेजरमधली धून ऐकली की तिचा कान जीला सा मानायचा आणि घाईत ती डो लिहून मोकळी व्हायची. वर्गात जी म्हणजे सोल असतो. स्वर बरोबर ऐकू येत होता, नाव चुकत होतं. दुसरी गोष्ट चार आवाजांच्या डिक्टेशनची. पियानोवर स्वरसंवाद वाजवतात आणि चारही ओळी लिहायच्या असतात. तिची वरची ओळ जवळपास अचूक होती, खालची बासची ओळ अर्धी कोरी. वर्षानुवर्षं एकच सुरावट ऐकत आलेला कान आधी वरच्या ओळीकडेच धावणार! यात बुद्धीचा किंवा प्रतिभेचा प्रश्नच नव्हता. सवय नवी लावायची होती, आणि सवय लागते.

"व्हायोलिनवर एखादी जागा अडली तर काय करतेस?" मी विचारलं. "लय कमी करते, तुकडे पाडते." मग इथेही तेच करायचं असं तिनेच ठरवलं. पियानोवर चार आवाज सावकाश वाजवायचे आणि तोंडाने फक्त बास गायचा. रोज थोडं, पण रोज.

तरी माझा एक प्रश्न उरला होता. इतकी मेहनती मुलगी या एका विषयाला वेळ का देत नव्हती? तिचं वेळापत्रक मागवलं आणि उत्तर सापडलं. अमेरिकेत पदवीला साधारण 120 क्रेडिट लागतात आणि ढोबळ हिशेब असा की एका क्रेडिटला आठवड्याला 1 तास वर्ग आणि 2 तास स्वतःचा अभ्यास. संगीतात हा हिशेब कोलमडतो. तिच्या ऑर्केस्ट्राला 1 क्रेडिट होतं, पण तालमींचे तास कितीतरी जास्त. त्यात वैयक्तिक शिकवणी, तिचा रोजचा रियाज, चेंबर म्युझिक, पियानोची किमान प्रवीणता, शिवाय निबंधलेखन आणि विज्ञानासारखे सामान्य विषय. ऑरल स्किल्सलाही 1च क्रेडिट. म्हणून तिने त्याला उरलेला वेळ दिला, आणि वेळ उरत नव्हता.

पालकांनी हे नीट समजून घ्यावं असं मला मनापासून वाटतं. क्रेडिटचा आकडा बघून विषयाचं वजन ठरवू नका. त्या एका क्रेडिटच्या विषयावर पुढची सगळी साखळी लटकलेली होती: श्रवणाची तिसरी पायरी, मग चौथी, आणि त्यांच्यानंतरच वरच्या वर्गांतलं रचनाविश्लेषण. असे विषय बरेचदा वर्षातून एकाच सत्रात शिकवले जातात. म्हणजे एक डी अख्खं वर्ष खाऊ शकतो. मी तिला विभागातल्या सल्लागाराकडे तातडीने पाठवलं. तोच विषय उन्हाळी सत्रात होता, त्यामुळे साखळी तुटली नाही. तिसऱ्या वर्षाचं एकल वादन, ज्युनियर रिसायटल, तिने एक सत्र पुढे ढकललं. त्यात कमीपणा काहीच नव्हता.

बीएबद्दल वडिलांनी विचारलं, ते योग्यच होतं. अमेरिकेत संगीतशिक्षण संस्थांना मान्यता देणाऱ्या नॅशनल असोसिएशन ऑफ स्कूल्स ऑफ म्युझिकच्या निकषांनुसार बॅचलर ऑफ म्युझिकमध्ये साधारण 65 टक्के किंवा अधिक अभ्यास संगीताचा असतो, तर बीएमध्ये 30 ते 45 टक्के. बीए ही हलकी पदवी नाही; ज्याला संगीताबरोबर दुसरंही काही खोलात शिकायचं आहे त्याच्यासाठी ती आहे. पण थिअरी आणि श्रवण तिथेही टळत नाही. केवळ या एका विषयाला घाबरून बदल केला असता तर विषय तिच्या मागे तिथेही आला असता. हे ऐकल्यावर वडील थांबले, आणि निर्णय त्यांनी तिच्यावर सोडला.

उन्हाळ्यात तिला सी प्लस मिळाला. पुढचं दार उघडायला तेवढा पुरेसा होता.

पदवीचा तक्ता तपासताना आणखी एक गोष्ट निघाली. मैफलींना हजेरी लावण्याचा एक शून्य क्रेडिटचा विषय होता, नुसता उत्तीर्ण-अनुत्तीर्ण. शून्य बघून तिने तो सोडून दिला होता. तिच्या विभागात त्याची ठरलेली सत्रं पूर्ण झाल्याशिवाय पदवी मिळत नाही. राहिलेली हजेरी तिने तिसऱ्या वर्षात भरून काढली.