उजनीत राखून ठेवलेल्या पाण्याचे मोल

मोहोळ तालुक्यातील एका शेतकऱ्याचा प्रश्न असा आहे की, भीमा नदीवरचे उजनी धरण शंभर टक्के भरलेले असताना दिवाळीनंतर कालवे सलग चालू ठेवायचे सोडून पाणी धरणात राखून काय साधते. उन्हाने त्याची वाफच होते.

वाफेचा मुद्दा खरा आहे. उजनीची पूर्ण संचय पातळी ४९६.८३ मीटर आणि मृतसाठ्याची (त्याखालचे पाणी उपयुक्त साठ्यात धरत नाहीत) ४९१.०३ मीटर, म्हणजे सुमारे ५३.५७ टीएमसीचा (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) सगळा उपयुक्त साठा जेमतेम ५.८ मीटर उंचीच्या, अफाट पसरलेल्या थरात आहे. असे उथळ पाणी एप्रिल-मेमध्ये झपाट्याने आटते. तरीही ते राखावे, असे माझे ठाम मत आहे.

सोलापूरचा पाऊस बेभरवशाचा. धरण भरते ते मुख्यतः पुण्याकडच्या घाटमाथ्यावरील पाण्याने, म्हणूनच पावसाळ्यात आपण सगळे दौंडहून धरणात येणाऱ्या विसर्गाकडे डोळे लावून बसतो. पुरात भीमेत एक लाख क्युसेक (सेकंदाला एक लाख घनफूट) सोडले, तर एका दिवसात ८.६ टीएमसी पाणी निघून जाते आणि त्या दिवशी आपल्या रानाला त्याचा काडीचा उपयोग नसतो. तेच एक टीएमसी, ज्वारी पोटरीत असताना आणि जमिनीतली ओल तुटलेली असताना चारीला, म्हणजे कालव्यातून शेताकडे येणाऱ्या पाटाला, आले, तर कणीस भरते. पंधरा दिवस उशिरा आले, तर कडबा तेवढा हाती लागतो. पाणी तेच असते, मोल वेळेचे असते, आणि ती वेळ साधण्याची सोय फक्त साठ्यात आहे. कालव्यात सोडलेले पाणी मागे घेता येत नाही. धरणातल्या पाण्याबाबत निर्णय अजून आपल्या हातात असतो.

हे मोल सर्वांना सारखे नाही. हेडकडच्या, म्हणजे कालव्याच्या सुरुवातीच्या, शेतकऱ्याची विहीर कालव्याच्या पाझरावर भरते, त्यामुळे पाण्याची पाळी लांबली तरी तो तग धरतो. टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या, माणसाला पाळी चुकली की दुसरा आधार नसतो. सलग आवर्तनाची (कालव्याला पाणी सोडण्याच्या फेरीची) मागणी बहुधा उभ्या उसासाठी होते, आणि डिसेंबरात सढळ हाताने दिलेल्या पाण्याची भरपाई मे महिन्यात टेलच्या शेतकऱ्याला करावी लागते, हे मला अन्यायाचे वाटते. उपयुक्त साठा शून्याखाली, आपल्या भाषेत वजामध्ये, गेला की पिण्याच्या पाण्याला अग्रक्रम द्यावाच लागतो. शिवाय सोलापूर शहरासाठी भीमेवरच्या औज बंधाऱ्यापर्यंत नदीतून पाणी न्यायचे, तर वाटेत पात्रातच बरेच मुरते.

म्हणून लागवडीपूर्वी १५ ऑक्टोबरचा उपयुक्त साठा पाहावा, त्यातून पिण्याचे आरक्षण आणि बाष्पीभवन वजा करावे, आणि उरलेल्यात किती आवर्तने बसतात ते कालवा सल्लागार समितीच्या बैठकीनंतर शाखा कार्यालयात विचारून घ्यावे. उन्हाळी पाळीची खात्री नसेल आणि विहिरीला पाणी नसेल, तर नवा ऊस लावू नये. ज्वारी किंवा हरभरा घ्यावा आणि नमुना नंबर ७ चा पाणी अर्ज मुदतीत भरावा.