गर्भ गोठवायचं हे नवीनच खूळ आहे का?

प्रश्न : सुनेची आयव्हीएफची, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीची, ट्रीटमेंट चालू आहे, इंजेक्शनं झाली, बीजं काढली, आणि आता डॉक्टर म्हणायलेत गर्भ गोठवून ठेवू, पुढच्या पाळीला सोडू. आमचे हे म्हणतात नवीन खूळ आहे, बिल वाढवायचा धंदा. खरं काय? आणि भारतातलं पहिलं टेस्ट ट्यूब बेबी मुंबईचंच ना?
– एक सासूबाई, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : काकी, खूळ असेलच तर १९७८ सालचं आहे, आणि आपल्याच देशातलं. कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखोपाध्यायांच्या हातनं ३ ऑक्टोबर १९७८ ला दुर्गा जन्मली, भारतातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी. इंग्लंडची लुईस ब्राऊन, जगातली पहिली, २५ जुलैची, म्हणजे जेमतेम सव्वादोन महिन्यांनी मोठी. तिकडं लुईसच्या वेळी शास्त्रज्ञ एडवर्ड्स आणि डॉ. स्टेप्टोंनी इंजेक्शन न देता पाळीत आपोआप तयार झालेलं एकच बीज दुर्बिणीतनं काढलं होतं. मुखोपाध्यायांनी हार्मोनची इंजेक्शनं देऊन जास्त बीजं तयार केली, ती योनीमार्गातनं काढली, पण इंजेक्शनांमुळं गर्भाशयाचं अस्तर त्या महिन्यात नीट साथ देईलच असं नाही, म्हणून गर्भ ५३ दिवस गोठवला आणि नंतरच्या नैसर्गिक पाळीत सोडला. सुनेचे डॉक्टर वेगळं काय सांगायलेत? आता हे काम द्रव नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशाला होतं.

पण त्या माणसाचं काय केलं आपण? सरकारनं समिती बसवली, समितीनं खोटं ठरवलं, आणि हार्मोनवर काम करणाऱ्याची बदली कुठं, तर डोळ्यांच्या संस्थेत! १९ जून १९८१ ला त्यांनी आत्महत्या केली. मुंबईची हर्षा ६ ऑगस्ट १९८६ ची, केईएममधली, डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. आनंद कुमार यांच्या कामातनं जन्मलेली, तिचीच बरीच वर्षं पहिली म्हणून नोंद होती. पुढं १९९७ मध्ये मुखोपाध्यायांची कागदपत्रं वाचून आनंद कुमारांनीच सांगितलं, पहिला मान त्यांचा. स्वतःचा पहिला नंबर असा कोण सोडतो हो?

आता बिलाचं. गोठवणं प्रत्येकीला लागतंच असं नाही. बीजं फार झाली, अंडाशयं सुजायची भीती असली किंवा अस्तर जमलं नाही तर थांबणंच बरं, तेव्हा सुनेच्या बाबतीत कारण कुठलं ते डॉक्टरांना सरळ विचारा. सेंटर आयव्हीएफसारख्या उपचारांसाठीच्या २०२१ च्या कायद्याखाली रजिस्टर आहे का बघा, संमतीच्या कागदावर मुलानं आणि सुनेनं दोघांनी वाचून सही करायची, आणि गोठवून ठेवायचे वर्षाला वेगळे पैसे घेतात का तेही आत्ताच विचारून घ्या.