वाचकांचे प्रश्न : पेशी साध्या दिसतात, मग कॅन्सरचा संशय का?

प्रश्न : नमस्कार डॉक्टर, माझ्या वडिलांचं वय ६८, तंबाखू-चुना गालात धरायची सवय खूप जुनी. डाव्या गालात आतून पांढरट, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखं खरखरीत वाढलंय, दुखत नाही. बायोप्सीत 'हायपरकेराटोसिस, डिस्प्लेसिया नाही' (म्हणजे वरचा थर जाड झालाय, पण पेशींत कॅन्सरकडे झुकणारे बदल नाहीत) असं आलं, आम्हाला वाटलं सुटलो, पण सर्जन म्हणतात परत बायोप्सी करू आणि यावेळी खोल घेऊ. पेशी चांगल्या आहेत तर परत कशाला? लॅबने चूक केली का? आणि मायक्रोस्कोपखाली कॅन्सर ओळखतात तरी कसा? — एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : सर्जन बरोबर सांगताहेत, बायोप्सी परत करा आणि लवकर करा. लॅबची चूक असेलच असं नाही, पॅथॉलॉजिस्टला, म्हणजे मायक्रोस्कोपखाली तुकडा तपासणाऱ्या डॉक्टरला, हातात आलेला तुकडाच दिसतो, तो वरवरचा असला तर खाली काय चाललंय ते कळायला मार्ग नसतो.

आता ओळखतात कसं ते सांगते. तुकडा फॉर्मॅलिनमध्ये टिकवून मेणात बसवतात, मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजावे लागतात इतके पातळ काप काढतात आणि दोन रंग देतात, त्यात पेशीचं केंद्रक निळं-जांभळं होतं आणि बाकीचा भाग गुलाबी. गालाच्या निरोगी अस्तरात सगळ्यात खालच्या थरात नवीन पेशी तयार होतात आणि वर येता येता चपट्या होत जातात. कॅन्सरमध्ये ही शिस्त मोडते. केंद्रकं मोठी, गडद, वेडीवाकडी होतात, एकीचं दुसरीशी जुळत नाही, विभाजन वरच्या थरातही चाललेलं दिसतं आणि कधीकधी पेशी दोनाऐवजी तीन बाजूंना फाटत असते, हे दिसलं की आम्ही सावध होतोच.

पण एवढ्यावर कॅन्सर म्हणायचं नसतं. भरत आलेल्या जखमेच्या कडेला किंवा रेडिएशन झालेल्या जागीही पेशी भयंकर दिसतात आणि तिथे कॅन्सर नसतो. म्हणून पेशी कशी दिसते याच्या जोडीला ती कुठे आहे आणि कशी वाढतेय हे बघावंच लागतं, आणि माझ्या मते रिपोर्टचा खरा कस इथेच लागतो. अस्तराच्या खाली एक पातळ पडदा असतो, बेसमेंट मेम्ब्रेन. नेहमीचा तोंडाचा कॅन्सर म्हणजे स्क्वेमस सेल कार्सिनोमा, त्यात पेशी हा पडदा ओलांडून खाली उतरतात, पुंजक्यांनी नाहीतर एकेकट्या, पुंजक्यांच्या मधोमध केराटिनचे (त्वचेच्या वरच्या थरात असतं त्या कडक प्रथिनाचे) गोल गुंडाळे दिसतात त्यांना केराटिन पर्ल म्हणतात, आणि पुढे स्नायूत, नसांच्या (मज्जातंतूंच्या) भोवती शिरलेल्या पेशीही सापडतात.

तुमच्या वडिलांच्या बाबतीत सर्जनना वेगळ्याच प्रकाराची शंका असावी, वरुकस कार्सिनोमा, म्हणजे चामखिळीसारखा वाढणारा कॅन्सर. अमेरिकेतले पॅथॉलॉजिस्ट लॉरेन अॅकरमन यांनी १९४८ साली त्याचं वर्णन केलं, आणि तंबाखू चघळणाऱ्यांच्या तोंडात तो आपल्याकडेही बघायला मिळतो. यात पेशी जवळजवळ नॉर्मल दिसतात हो! वर केराटिनचे जाड सुळके आणि खाली अस्तराच्या रुंद, गोलसर मुळ्या एकाच पातळीवर खालच्या भागाला ढकलत जातात, पडदा बहुतेक शाबूत, त्याला लागून दाहाच्या पेशींची दाट गर्दी. म्हणजे कॅन्सर आहे हे पेशी बघून कळत नाही, वाढीचा आकार बघून कळतं, आणि आकार दिसायला तुकड्यात तळ आणि शेजारची निरोगी कड दोन्ही लागतं. वरचा पापुद्रा घेतला तर चांगल्यातला चांगला पॅथॉलॉजिस्टसुद्धा 'हायपरकेराटोसिस' एवढंच लिहू शकेल.

दुसऱ्या बायोप्सीबरोबर पहिल्या स्लाइड आणि मेणाचे ब्लॉकही पाठवा, आणि फॉर्मवर गाठ कशी दिसते, किती मोठी आहे, तंबाखूची सवय किती वर्षांची, हे सगळं लिहायला सांगा, कोऱ्या फॉर्मवर आम्हाला फार अडतं. वरुकसच निघाला तर तो सावकाश वाढतो, मानेच्या गाठींत (लसिका ग्रंथींत) सहसा जात नाही आणि मुख्य इलाज ऑपरेशन. मात्र काहींच्या गाठीत एखाद्या कोपऱ्यात नेहमीचा, आत घुसणारा कॅन्सर लपलेला असतो, म्हणून काढलेली गाठ नीट सगळीकडून तपासली जाईल ना, हे विचारून घ्या. आणि तंबाखू आजच बंद, रिपोर्टची वाट बघत बसू नका.

प्रश्न : आईच्या जिभेच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. रिपोर्टमध्ये 'मॉडरेटली डिफरन्शिएटेड' आणि 'डेप्थ ऑफ इन्व्हेजन ७ मिमी' लिहिलंय. गाठ तर जेमतेम दीड सेंटिमीटरची होती, मग टी-२ (गाठीच्या स्टेजची दुसरी पायरी) कशी? — एक वाचक, ठाणे

उत्तर : खोलीमुळे, 'डेप्थ ऑफ इन्व्हेजन' म्हणजे कॅन्सर आत किती खोल गेलाय ते. २ सेंटिमीटरपर्यंतची गाठ पूर्वी टी-१ धरायचे, आताच्या स्टेजिंगमध्ये ती ५ मिलिमीटरपेक्षा खोल गेली असेल तर टी-२ होते. खोली मोजतात ती शेजारच्या निरोगी अस्तराच्या पडद्यापासून खाली, गाठ वर किती फुगलीये ते त्यात धरत नाहीत. 'मॉडरेटली' म्हणजे पेशी मूळ अस्तरासारख्या थोड्या राहिल्यात, थोड्या नाहीत, त्या शब्दावर फार झोप उडवू नका, त्यापेक्षा खोली, कडा (कापलेल्या कडेला कॅन्सर आहे का), नसांभोवती पेशी आहेत का आणि मानेच्या गाठी या चार ओळी डॉक्टरांसोबत बसून वाचा. मानेचं ऑपरेशन सोबतच का केलं असं वाटत असेल तर मुंबईच्या टाटा मेमोरियलचा २०१५ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास त्यामागे आहे. तोंडाचा कॅन्सर सुरुवातीचा आणि मानेत गाठ लागत नाही अशा पेशंटमध्ये मानेच्या गाठी आधीच काढल्या तर ३ वर्षांनी ८० टक्के पेशंट हयात होते, मानेत गाठ दिसेपर्यंत थांबलेल्यांमध्ये ६७.५ टक्के. आईच्या मानेतून काढलेल्या गाठींचे आकडे रिपोर्टच्या शेवटी असतील, एकूण किती काढल्या आणि किती पॉझिटिव्ह, म्हणजे कितींत कॅन्सर सापडला, रेडिएशन द्यायचं की नाही हे ठरवताना डॉक्टर ते आकडे बघणारच आहेत.