‘अमेरिकेत घरपोच, वेगळा खर्च नाही’ लिहिलंत, आता ड्यूटी कोणाच्या माथी?

प्रश्न: आम्ही नवरा-बायको सोलापूरच्या पूर्व भागातून स्वतःच्या वेबसाइटवर चादरी आणि टॉवेल विकतो. गिऱ्हाईक बहुतेक अमेरिकेतली मराठी मंडळी. ऑगस्टच्या मध्यावर न्यू जर्सीतल्या एका बाईंनी सहा चादरी आणि दोन डझन टॉवेल मागवले, पैसे आगाऊ दिले. पार्सल पोचेस्तोवर सप्टेंबर उजाडला. कुरिअरवाल्यांनी त्यांच्याकडे ड्यूटी, म्हणजे तिकडचं आयात शुल्क, मागितली, बाईंनी साफ नकार दिला. आता पार्सल तिकडच्या गोदामात, बिल आमच्या नावावर, आणि बाई म्हणतात पैसे परत करा नाहीतर कार्डाच्या बँकेकडे तक्रार करते. एजंट सुचवतो, पुढच्या वेळी ‘गिफ्ट’ लिहा, नाहीतर दुबईमार्गे पाठवू. आणखी पाच ऑर्डरींचे पैसे आलेत, माल घरीच आहे. काय करावं?

उत्तर: ताई, वेबसाइटच्या पानाचा फोटो जोडलात ते बरं केलंत. सगळं प्रकरण त्यातल्या एका ओळीवर उभं आहे: ‘अमेरिकेत घरपोच, वेगळा कोणताही खर्च नाही.’ अमेरिकी सरकारला ड्यूटी मिळाल्याशी मतलब, मग ती कोणीही भरो. तुमच्या आणि बाईंच्यात ती कोणाच्या खिशातून जायची, हे तुमचा करार ठरवतो. इथे करार म्हणजे ही ओळच.

तुम्ही म्हणाल, ऑर्डर घेतली तेव्हा ड्यूटी नव्हतीच. खरं आहे. २०१६ पासून ८०० डॉलरपर्यंतचं पार्सल अमेरिकेत ड्यूटीशिवाय जात होतं. ही सवलत २९ ऑगस्ट २०२५ पासून सगळ्या देशांसाठी बंद झाली. त्याच्या दोनच दिवस आधी भारतीय मालावरचं जादा टॅरिफ, म्हणजे नेहमीच्या ड्यूटीवर लावलेली आणखी ड्यूटी, २५ वरून थेट ५० टक्क्यांवर गेलं होतं. तुमचं पार्सल दोन्हींच्या तडाख्यात सापडलं. पण तारखा नीट बघा. सवलत बंद करणारा आदेश ३० जुलैचा, जादा २५ टक्क्यांचा ६ ऑगस्टचा. तुमची ऑर्डर त्यानंतरची. ‘आम्हाला कल्पनाच नव्हती’ हा बचाव कागदावर टिकत नाही.

करार कायद्याचं कलम ५६ सांगतं की करार पार पाडणं अशक्य झालं तर तो रद्द ठरतो. त्याचा आधार घ्यावा असं पुष्कळांच्या मनात येतं. पण खर्च वाढणं म्हणजे अशक्य होणं नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने १९६० साली अलोपी प्रसाद प्रकरणात हे स्पष्ट केलं आहे: भाव अनपेक्षित चढले, सौदा तोट्यात गेला, एवढ्यावरून सुटका होत नाही.

दुसरं कलम जास्त मोहात पाडणारं आहे. मालविक्री कायदा, १९३०, कलम ६४अ. करार झाल्यावर सीमाशुल्क लागलं किंवा वाढलं, तर विक्रेता ते किमतीत मिळवू शकतो. वाचून हायसं वाटेल, पण कलमाची सुरुवातच अशी आहे की करारातून वेगळा हेतू दिसत नसेल तरच. ‘वेगळा कोणताही खर्च नाही’ यापेक्षा स्वच्छ वेगळा हेतू कोणता असणार? शिवाय हे कलम आपल्याकडच्या करांसाठी केलेलं, परदेशी ड्यूटीला ते लावायचं म्हटलं तर वाद आधी त्यावरच घालावा लागेल. चौदा-पंधरा हजारांच्या मालासाठी मी कोणाला त्या वाटेला लावणार नाही.

तेव्हा बाईंच्या बाबतीत बाजू तुमची लंगडी आहे. त्यांनी कार्डाच्या बँकेकडे तक्रार केली की बँक तुमच्याकडे पुरावा मागेल, आणि पुरावा म्हणून तुमच्याकडे तीच ओळ आहे. कुरिअरशी तुमचा करार मात्र वेगळा. खातं उघडताना सही केलेला फॉर्म काढा. त्यात बहुधा असतं की घेणाऱ्याने ड्यूटी नाकारली तर ती, गोदामभाडं आणि परतीचं भाडं पाठवणाऱ्याने द्यायचं. तसं असेल तर बिल टाळता येणार नाही, तपासता मात्र येतं. लेखी मागा: तिकडच्या कस्टम्सला प्रत्यक्ष किती भरलं, कोणत्या वर्गीकरणाखाली, आणि कुरिअरचा स्वतःचा आकार (सेवाशुल्क) किती. तुमच्या इनव्हॉइसवर मालाचं वर्णन नुसतं ‘टेक्स्टाइल आयटम’ आहे. एवढ्यावर समोरचा माणूस सुती टॉवेल कोणत्या वर्गीकरण-कोडमध्ये बसवेल याचा नेम नाही.

व्यवहाराचं बोलायचं तर पार्सल परत आणू नका. निर्यात केलेला माल तीन वर्षांत परत आला तर अटी पाळून ड्यूटीतून सूट मिळते, पण परतीच्या भाड्यातच चादरींची किंमत निघून जाईल. गोदामभाडं चढायच्या आत बाईंना मेल टाका: ‘आमच्या वेबसाइटवरच्या मजकुरामुळे तुमचा गैरसमज झाला, त्याची जबाबदारी आम्ही घेतो. ड्यूटी आम्ही भरतो आहोत, पार्सल कृपया स्वीकारा.’ निम्मी त्यांनी सोसावी अशी विनंती करून बघायला हरकत नाही. ती विनंतीच ठेवा, हक्क सांगू नका.

घरी पडलेल्या पाच ऑर्डरींचं सोपं आहे. काही पाठवू नका. करार कायद्याच्या कलम ६२ प्रमाणे दोघांच्या संमतीने करार बदलता येतो. प्रत्येकाला लिहा: ड्यूटी धरून नवी रक्कम इतकी, मान्य असेल तर फरक भरा, नसेल तर पूर्ण पैसे परत. लेखी ‘मान्य’ आल्याशिवाय माल हलवायचा नाही. फोनवर ‘हो हो, चालेल’ म्हणाले, हे पुरेसं नाही. पैसे परत करायचे झाले तर ज्या पेमेंट गेटवेने आले त्याच वाटेने करा. नातेवाइकाच्या खात्यातून परस्पर पाठवलेत तर बँकेतल्या नोंदी जुळणार नाहीत.

आता एजंटचे सल्ले. खरी भेट १०० डॉलरपर्यंत आजही ड्यूटीशिवाय जाते, पण पैसे घेऊन विकलेली चादर भेट होत नाही. खोटं वर्णन किंवा कमी किंमत दाखवली तर आपल्याच सीमाशुल्क कायद्यात, १९६२ च्या, माल जप्त होऊ शकतो, आणि कलम ११४कक खाली मालाच्या किमतीच्या पाचपटीपर्यंत दंडाची तरतूद आहे. सही तुमची असते, एजंटची नव्हे. दुबईचंही तेच. सोलापूरच्या मागावर विणलेली चादर दुबईत नुसता खोका बदलल्याने दुबईची होत नाही. मूळ देश लपवून वळवलेल्या मालावर अमेरिकेने २०२५ मध्ये ४० टक्क्यांची वेगळी ड्यूटी ठेवली होती, वर दंड निराळा. जाता जाता, तुमच्या पानावर ‘हातमाग’ लिहिलंय. आपल्याकडची बहुतेक चादर यंत्रमागावरची. तुमची तशी असेल तर तो शब्द पानावरूनही काढा आणि इनव्हॉइसवरूनही.

ड्यूटी सरळ मार्गानेही थोडी कमी होते. अमेरिकेत ती मालाच्या किमतीवर लागते, आंतरराष्ट्रीय भाडं त्यात धरत नाहीत, पण ते इनव्हॉइसवर वेगळं दाखवलेलं हवं. तुम्ही ‘घरपोच’च्या नादात भाडं किमतीत मुरवता आणि त्यावरही ड्यूटी भरता. प्रत्यक्ष दिलेलं भाडं वेगळ्या ओळीत लिहा. प्रत्यक्ष दिलेलंच, फुगवलेलं नाही.

कुरिअर की टपाल, हाही हिशेब करा. ऑक्टोबर २०२५ च्या दरांनी दहा हजारांचे सुती टेरी टॉवेल कुरिअरने गेले तर मूळ ड्यूटी ९.१ टक्के, म्हणजे ९१० रुपये, आणि टॅरिफचे ५,०००. एकूण ५,९१०, वर कुरिअरचा आकार. टपाल खात्याने ऑगस्टअखेर थांबवलेली अमेरिकेची पार्सलं १५ ऑक्टोबर २०२५ पासून पुन्हा घ्यायला सुरुवात केली. तिथे ड्यूटी बुकिंगलाच भरायची, तेव्हाच्या दराने जाहीर किमतीच्या ५० टक्के, मूळ ड्यूटी वेगळी नाही. म्हणजे ५,०००. घेणाऱ्याच्या दारात कोणी पैसे मागत नाही. तुमच्यासारख्या छोट्या पार्सलांना मला टपाल बरं वाटतं.

वेबसाइटवरची ती ओळ आजच उतरवा आणि त्या जागी हे घाला: ‘किमतीत माल आणि पाठवणी धरली आहे, इनव्हॉइसवर दोन्ही वेगळ्या ओळींत दाखवली जातील. पोचण्याच्या देशातली आयात ड्यूटी पैसे भरण्याआधी वेगळ्या ओळीत दाखवली जाईल आणि ती ग्राहकाने भरायची आहे. माल निघण्यापूर्वी दर बदलल्यास आम्ही कळवू. नवा आकडा मान्य नसल्यास ऑर्डर रद्द करून पूर्ण रक्कम परत मिळेल. ग्राहकाने पार्सल नाकारल्यास झालेला प्रत्यक्ष खर्च वजा करून उरलेली रक्कम परत केली जाईल. हा करार भारतीय कायद्यानुसार असून वाद सोलापूरच्या न्यायालयात चालतील.’ पैसे भरायच्या बटणापाशी हे वाचल्याची खूण करायला लावा. पानाच्या तळाशी बारीक अक्षरात ठेवलंत तर उपयोग नाही.

या मजकुरात टक्क्याचा आकडा मुद्दाम घातलेला नाही. दर बदलत राहतात: या टॅरिफच्या वैधतेवर नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात सुनावणी झाली आणि फेब्रुवारी २०२६ मध्ये न्यायालयाने ते बेकायदा ठरवलं. उद्या ड्यूटीचा परतावा निघाला तर तो आधी ज्याच्या नावावर आयात झाली त्याच्याकडे जाईल, आणि ते नाव बऱ्याचदा कुरिअरचं असतं. म्हणून प्रत्येक पार्सलची ड्यूटी-पावती मागून घ्या, या न्यू जर्सीच्या पार्सलचीसुद्धा, आणि परतावा मिळाल्यास तो ड्यूटी भरणाऱ्याला देऊ असं कुरिअरकडून लेखी घेऊन ठेवा.