घरात हरिपाठ बसवताना

प्रश्न : वर्षभर संध्याकाळी एकटाच हरिपाठ म्हणतोय. शीण जातो, मन निवांत होतं. हे सुख घरच्यांनाही मिळावं वाटतं. पण दहा वर्षांची मुलगी पाच मिनिटांत उठते आणि बायको म्हणते, आवाजच लागत नाही. काय चुकतंय?
– एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : वर्षभरात अंगवळणी पडलेलं तुम्ही घरच्यांना एका बैठकीत देऊ पाहताय. ज्ञानेश्वरांच्या हरिपाठाचे अभंग २७. ध्रुवपदासकट म्हटले तर अर्धा तास सहज जातो. मुलीला पहिले पंधरा दिवस नुसतं ध्रुवपद द्या. ते सारखं फिरून येतं, त्यामुळे तिची पाळीही सारखी येते. मग आठवड्याला एक अभंग. सहा महिन्यांत सगळा पाठ होतो. अर्थ तिनं विचारला तरच सांगा; घरात कीर्तन सुरू झालं की ती पुन्हा उठलीच म्हणून समजा.

आवाज न लागण्याचं कारण बहुधा पट्टी, म्हणजे गाण्याचा मूळ सूर. पुरुष सवयीनं पेटीवरची काळी एक-दोन धरतात. बायका-मुलांचा गळा काळी चार-पाचला मोकळा होतो. सुरुवात बायकोला करू द्या, तुम्ही खालच्या सुरात मागून धरा.

घाईही नडते. हरिपाठाचा छंद मोठा अभंग : चार तुकड्यांत सहा, सहा, सहा आणि शेवटी चार अक्षरं. शेवटी दोन अक्षरं कमी, तिथंच श्वास. एकट्यानं म्हणताना ती जागा गिळायची सवय लागते. चौघांत मग जो तो भलतीकडे श्वास घेतो आणि ताल फुटतो.

टाळ सपाट आपटू नका, आत हवा कोंडून नुसतं ठप्प वाजतं. काठावर काठ तिरका लागला की घुमतो. मोठ्या टाळानं मुलीचं मनगट दुखेल, तिला चिपळ्या द्या.

बसायचं ते जेवणाआधी, कुकर लावून. जेवल्यावर मुलं पेंगतात. शुक्रवारी अंबाबाईच्या पालखीला जायचं असेल तर पाचच अभंग म्हणा. देवी काही रागवत नाही.

प्रश्न : आषाढीला मुलांना कोल्हापूरजवळच्या नंदवाळच्या दिंडीत न्यायचंय. उपवास करू द्यावा का?
– एक वाचक, कसबा बावडा

उत्तर : कडक नको. खिचडी पोटभर खाऊन चाललं की पाय जड होतात. राजगिऱ्याचा लाडू, केळं, थोडं थोडं देत राहा. वाटेत पुईखडीला घोडा गोल धावतो, ते रिंगण चुकवू नका. पाऊस गृहीत धरा आणि कोरडे कपडे प्लास्टिकच्या पिशवीत बांधून घ्या.